पी. झेड. लिहिलेली ती रंगीत चित्रं: फोटो म्हणायचे की छपाई?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासरच्या वाड्यात जुनी ट्रंक उघडली, त्यात पणजेसासऱ्यांनी आणलेली युरोपातली डझनभर रंगीत चित्रं निघाली. ते बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले होते, येता-जाता घेतली असणार. स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न, तिथलाच शियोंचा किल्ला, इटलीतलं व्हेनिस, नेपल्स वगैरे. खालच्या कडेला बारीक सोनेरी अक्षरांत एक आकडा, मग पी. झेड., मग ठिकाणाचं नाव. सासूबाई म्हणतात हाताने रंगवलेले फोटो आहेत, भाचा म्हणतो त्या काळी रंगीत फोटो नव्हतेच, म्हणजे ही नंतरची नक्कल. एकावरचा आकडा अठराशेच्या घरातला आहे, तेच साल का? फ्रेम करू का लॅमिनेट? आणि किंमत काय येईल?

मी जुने कागद, चित्रं, नकाशे दुरुस्त करायचं काम करतो आणि असली चित्रं अधूनमधून टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

आधी घरातला वाद मिटवू. भाचा म्हणतो ते अर्धं खरं आहे. दुकानातून विकत आणून कुणालाही वापरता येईल असा रंगीत फोटोचा प्रकार १९०७ पर्यंत नव्हता. त्या वर्षी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम प्लेट बाजारात आल्या, आणि त्यासुद्धा काचेच्या, उजेडासमोर धरून बघायच्या, त्यातून कागदावर ढीगभर प्रती काढून विकायची सोय नव्हती. मॅक्सवेलने १८६१ मध्येच तीन फिल्टरमधून तीन फोटो घेऊन ते पडद्यावर एकावर एक पाडून रंग दाखवला होता, लिपमनने १८९१ मध्ये वेगळ्याच वाटेने खरा रंग पकडला आणि त्याबद्दल त्याला १९०८ चं नोबेलही मिळालं, पण हे सगळं शास्त्रज्ञांच्या खोलीतलं. ल्युसर्नच्या तळ्याकाठच्या दुकानात टूरिस्टला ते मिळणार नव्हतं. मात्र म्हणून तुमची चित्रं नंतरची नक्कल ठरत नाहीत. वर्णनावरून ती फोटोक्रोम आहेत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोवरून दगडांवर केलेली रंगीत छपाई. कॅमेऱ्याने त्यात फक्त उजेड-सावली टिपलीये, रंग सगळा छापखान्याने घातलाय. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की ही चित्रं वाचायची कशी, जपायची कशी आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे सगळं आपोआप सुटत जातं.

हे तंत्र झ्युरिकच्या ओरेल फ्युस्ली या छापखान्यात जन्मलं. छापखाना जुना, मूळ १५१९ पर्यंत मागे नेतात ते लोक. तिथे कामाला असलेल्या हान्स याकोब श्मिडने १८८० च्या दशकात ही पद्धत बसवली, १८८८ च्या सुमाराला त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, म्हणजे आयफेल टॉवर ज्याच्यासाठी उभा केला त्याच प्रदर्शनात, ही चित्रं मांडली गेली आणि मग धंदा जोरात चालला. १८९५ पासून कंपनीचं नाव फोटोग्लोब झालं, पण चित्रांवर पी. झेड., म्हणजे फोटोक्रोम झ्युरिक, हेच राहिलं.

आता करायचे कसे. लिथोग्राफीचा दगड घ्यायचा, बव्हेरियातल्या झोल्नहोफनचा, बारीक कणाचा चुनखडीचा. त्यावर बेंझिनमध्ये विरघळवलेल्या शुद्ध डांबराचा पातळ थर द्यायचा. डांबर म्हणजे रस्त्यावरचं डोळ्यासमोर आणू नका, हे सीरियाकडचं नैसर्गिक डांबर, आणि त्याचा गुण असा की उजेड लागला की ते घट्ट होतं, मग सहजी विरघळत नाही. फ्रान्सच्या नीएप्सने १८२० च्या दशकात खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा जो फोटो काढला, आज टिकून असलेला कॅमेऱ्यातला सगळ्यात जुना फोटो, तो याच गुणावर निघाला होता. तर त्या थरावर निगेटिव्ह दाबून ठेवायची आणि दगड उन्हात. उन्हाळ्यात दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, हिवाळ्यात कित्येक तास. मग टर्पेंटाइनने धुवायचं. जिथे उजेड भरपूर लागला तिथे थर राहतो, जिथे लागला नाही तिथला निघून जातो, आणि मधल्या छटांना मधलं काहीतरी, त्यामुळे फोटोतला गडद-फिकटपणा जवळजवळ जसाच्या तसा दगडावर उतरतो.

इथपर्यंत रसायनशास्त्र. खरं काम इथून पुढे. असे दगड एका चित्राला कमीत कमी सहा लागायचे, बऱ्याचदा दहा ते चौदा, कारण एका दगडावरून एकच रंग छापता येतो. सगळ्या दगडांवर निगेटिव्ह तीच. मग निळ्याचा दगड निळ्याचा कसा होणार? तर रिटचिंग करणारा कारागीर बसून, जिथे निळा नको तिथलं सगळं साफ करायचा, जिथे हलका हवा तिथे प्युमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या, बारीक पुडीने घासून हलका करायचा, जिथे गडद हवा तिथे राखायचा. मग सौम्य नायट्रिक ॲसिड, मग शाई, मग कागद. तोच कागद दहा-बारा वेळा वेगवेगळ्या दगडांवरून जाणार, आणि प्रत्येक वेळी केसाच्या फरकाने त्याच जागी बसला पाहिजे. सगळ्यात शेवटी वॉर्निशचा हात, त्यामुळे ती चकाकी येते जी बघून सगळ्यांना हा फोटोच वाटतो.

तुमच्याकडचं शियोंच्या किल्ल्याचं चित्र खिडकीशी घेऊन बसा आणि बघा. किल्ल्याची छपरं विटकरी, त्यांच्यासाठी एक तांबूस दगड. तळ्याचं पाणी हिरवट-निळं दिसतंय ना, पण हिरवी शाई तिथे असेलच असं नाही, बऱ्याचदा पिवळ्यावर निळा चढवून ते काढलेलं असतं. मागची दाँ द्यु मिदीची बर्फाची शिखरं म्हणजे बहुतेक कोरा कागदच, सावलीच्या बाजूला जरासा निळा आणि उन्हाच्या बाजूला गुलाबीची झाक. आणि आकाश बघा, क्षितिजाशी पिवळसर आणि वर जाता जाता निळं. ते आकाश फोटोत नव्हतंच म्हटलं तरी चालेल. त्या काळच्या प्लेटना निळा प्रकाश फार लवकर लागायचा, डोंगर नीट यावा एवढा वेळ दिला की आकाश पार पांढरंफटक व्हायचं. म्हणजे झ्युरिकच्या कारागिराने बसून तुमच्या पणजेसासऱ्यांसाठी संध्याकाळ तयार केलीये.

बरं, रंग अगदी मनाचे असायचे असंही नाही. फोटो काढणारा जागेवर रंगांच्या नोंदी करून आणायचा, छप्पर लाल, शिडं तपकिरी, वगैरे. पण टिपण ते टिपण, त्यावरून दगड तयार करणाऱ्याने ती जागा पाहिली असेलच असं नाही. आणि विकायचंही होतं. व्हेनिस आणि नेपल्सची चांदण्यातली चित्रं बघितलीयेत का? काळंनिळं पाणी, चंद्राची वाट, खिडक्यांत पिवळे दिवे. त्या प्लेटवर चांदण्यात असा फोटो काढणं शक्य नव्हतं, दिवसाच्या निगेटिव्हवर निळे दगड चढवून, चंद्र आणि दिवे हाताने घालून रात्र केलेली आहे. तुमच्या नेपल्सच्या चित्रात चंद्र असेल तर सावल्या नीट बघा, चंद्र एकीकडे आणि सावल्या भलतीकडे पडलेल्या सापडण्याची दाट शक्यता. मला स्वतःला ही खोट्या चांदण्यातली चित्रं सगळ्यात जास्त आवडतात, त्यात छापखान्याची मस्ती दिसते.

त्यामुळे कुणी जुन्या गणवेशाचा रंग, ट्रामचा रंग, दुकानाच्या पाटीचा रंग फोटोक्रोमवरून ठरवायला लागलं की मी थांबवतो. इमारतीचा आकार, खिडक्यांची संख्या, जहाजाची बांधणी, गर्दी कुठे होती, हे फोटोतलं आहे, त्यावर विसंबायला हरकत नाही (तिथेही माणसं पुसलेली किंवा घातलेली असू शकतात). रंग म्हणजे छापखान्याचं मत. बघायला देखणं, पण पुरावा म्हणून एकट्याने उभं न राहणारं.

आता तुमच्या पणजेसासऱ्यांनी ही का घेतली असतील. १८९० च्या दशकात स्वित्झर्लंड-इटलीची सहल ही युरोपातल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. टॉमस कुकने १८६३ मध्ये पहिल्यांदा इंग्लिश लोकांची टूर स्वित्झर्लंडला नेली. १८७१ मध्ये रिगी डोंगरावर दातेरी रुळांची रेल्वे झाली, १८८२ मध्ये आल्प्समधला गोटहार्डचा रेल्वे बोगदा उघडला आणि इटली जवळ आली, १८८९ मध्ये पिलाटसवर रेल्वे चढली. ल्युसर्न या सगळ्याच्या मधोमध. आणि आपल्याकडच्या लोकांच्या वाटेवरसुद्धा हे सगळं यायचं, कारण मुंबईहून निघालेली बोट एडन, सुएझ करत गेली की बरेच जण थेट लंडनपर्यंत समुद्रातून न जाता इटलीत ब्रिंडिसीला किंवा फ्रान्समध्ये मार्सेला उतरायचे आणि पुढे रेल्वेने जायचे, टपालही त्याच रस्त्याने. कुक कंपनीचं मुंबईत ऑफिस १८८० च्या दशकापासून होतं, तिकिटाची सोय इथेच व्हायची. म्हणजे बॅरिस्टरीला निघालेल्या माणसाने वाटेत दोन दिवस तळं आणि बर्फ बघून घेणं यात नवल काही नाही.

आणि बघितलेलं घरी दाखवायचं कसं? कोडॅकचा डबा कॅमेरा १८८८ मध्ये आला होता खरा, पण त्यातून निघायचे छोटे गोल काळे-पांढरे फोटो. त्याआधीपासून दुकानांत अल्ब्युमेन प्रिंट मिळायच्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकावर केलेले तपकिरी फोटो, नेपल्समध्ये सोमर, व्हेनिसमध्ये नाया, फ्लोरेन्समध्ये अलिनारी ही मोठी नावं होती त्या धंद्यात. छान असायचे, पण तपकिरी ते तपकिरी. इकडे वाड्यात बसलेल्या आईला तळं किती निळं होतं हे तपकिरी फोटोतून कसं कळणार! फोटोक्रोमने नेमकं हेच विकलं. साधारण १७ बाय २३ सेंटीमीटरचा सुटा कागद, हवी ती दृश्यं निवडून घ्यायची, घरी जाऊन अल्बममध्ये चिकटवायची.

धंदा फक्त झ्युरिकमध्ये राहिला नाही. लंडनला फोटोक्रोम कंपनी निघाली, अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका कंपनीने १८९० च्या दशकाच्या शेवटी हक्क घेतले आणि विल्यम हेन्री जॅक्सनसारखा डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारा नावाजलेला माणूस आपल्या हजारो निगेटिव्हसकट तिथे गेला. झ्युरिकवाल्यांनी तर उत्तर आफ्रिका, पॅलेस्टाइन, हिंदुस्थानपर्यंतची दृश्यं काढली, त्यात मुंबईचीही आहेत. तुमच्या ट्रंकेत त्यातलं एखादं निघालं तर मला जरूर कळवा, युरोपातल्यांपेक्षा ती फार कमी दिसतात.

मग हे संपलं कसं? मुख्यतः पोस्टकार्डाने मारलं. इंग्लंडमध्ये १९०२ पासून आणि जर्मनीत १९०५ पासून पत्त्याच्या बाजूलाच मजकूर लिहायची परवानगी मिळाली, समोरची सगळी बाजू चित्राला मोकळी झाली आणि लोकांना पोस्टकार्डांचं वेडच लागलं. मोठा, महाग, सुटा कागद घेऊन जपत घरी आणण्यापेक्षा आठवण सरळ टपालात टाकलेली बरी. कंपन्यांनी फोटोक्रोमची पोस्टकार्डंही काढली, पण बाकीचे लोक यंत्राने ठिपक्यांची स्वस्त छपाई करायला लागल्यावर दहा-बारा दगड घासत बसणं परवडेना. पहिल्या महायुद्धाने टूरिस्टच बंद झाले. डेट्रॉइटवाली कंपनी १९२४ मध्ये दिवाळ्यात गेली.

आता खात्री. सराफाकडची दहा पट मोठं दाखवणारी लूप आणा, मोबाइलच्या झूमवर जाऊ नका, तो स्वतःचंच काहीतरी घालतो. आकाशाच्या फिकट भागावर धरा.

फोटोक्रोम असेल तर वेडावाकडा दाणा दिसेल, वाळूच्या कागदासारखा, कुठे दाट कुठे विरळ, रांगेत बिलकुल नाही, आणि वेगवेगळ्या रंगांचे दाणे एकमेकांवर चढलेले. छपराच्या किंवा शिडाच्या कडेला बघा, एखादा रंग किंचित बाहेर सरकलेला असतो, कागद त्या एका दगडावर जरा हललेला असतो. तेच हाताने रंगवलेला अल्ब्युमेन फोटो असेल तर दाणा नसतोच, रंग पाण्यासारखा सपाट, कडेला साचलेला, आणि खाली कागदाचे धागे दिसतात. सासूबाईंची शंका इथे मिटेल. ठिपके जर ओळीने, शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार पडलेले दिसले तर ती नंतरची ऑफसेटची छपाई, कॅलेंडरवरची. आणि कुठल्याही रचनेशिवाय उडवलेले फार बारीक थेंब, कागद पांढराशुभ्र, म्हणजे अलीकडे प्रिंटरवर काढलेली प्रत. हल्ली तशा पुष्कळ विकल्या जातात, फ्रेमसकट, जुनं म्हणून.

सोनेरी अक्षरंही बघा. खऱ्यात ती छापलेली, जरा उठून दिसणारी असतात, तिरक्या उजेडात चमकतात. स्कॅनवरून काढलेल्या प्रतीत तीच अक्षरं मातकट पिवळी येतात. ही खूण लूपशिवायही चालते.

आकड्याचं: ते साल नाही. तो कॅटलॉगमधला क्रमांक आहे. अठराशेच्या घरातला आकडा दिसला की सगळ्यांना साल वाटतं, आणि ते जवळपास जुळतंही म्हणून तर घोटाळा होतो, पण शेजारच्या चित्रावर पाच आकडी नंबर असेल तर त्याला काय म्हणणार? साल चित्रातूनच काढावं लागतं. तुमच्याकडे व्हेनिस आहे, मग सोपं आहे. सेंट मार्कच्या चौकातला घंटाघराचा उंच मनोरा १४ जुलै १९०२ ला सकाळी आख्खा कोसळला. विटांचा ढीग झाला. तो जसा होता तसाच, त्याच जागी पुन्हा बांधून १९१२ मध्ये उघडला. म्हणजे तुमच्या चित्रात मनोरा उभा असेल तर निगेटिव्ह बहुतेक १९०२ च्या आधीची. पण इथे एक फट आहे, निगेटिव्ह १८९० ची असली तरी त्याच दगडांवरून किंवा जुन्या साठ्यातून कंपनी पुढे वर्षानुवर्षं विकायची, मनोरा पडल्यावरसुद्धा, त्यामुळे फोटो कधीचा, कागद कधी छापला आणि तुमच्या माणसाने विकत कधी घेतला या तीन वेगळ्या तारखा आहेत. तिसरी तुम्हाला घरातूनच कळेल, बॅरिस्टरीची सनद, पासबुक, पत्रं, काहीतरी असेलच. लंडनचं चित्र असेल आणि त्यात टॉवर ब्रिज पुरा दिसत असेल तर १८९४ नंतरचं. नॉर्वेतलं आलेसुंद असेल तर १९०४ च्या जानेवारीत ते लाकडी गाव जळालं आणि नंतर दगड-विटांचं उभं राहिलं, तिथेही लगेच कळतं.

जुळवून बघायचं असेल तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९८५ मध्ये एका स्विस गॅलरीकडून असा मोठा संग्रह विकत घेतला, युरोप आणि मध्यपूर्वेची मिळून सहा हजारांच्या आसपास चित्रं, ती सगळी त्यांच्या साइटवर मोठ्या आकारात फुकट बघता आणि उतरवता येतात. झ्युरिकच्या सेंट्रल लायब्ररीकडेही मोठा साठा आहे. एक गंमत करा, तुमचंच दृश्य तिथे शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कधीकधी फोटो तोच असतो आणि रंग वेगळे निघतात, एकात शिडं नारिंगी तर दुसऱ्यात तपकिरी, पुन्हा छापताना शाई बदललेली.

हे तंत्र फार परकं वाटत असेल तर आपल्याकडचं आठवा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथे श्लायशर नावाचा जर्मन तंत्रज्ञ होता आणि नंतर छापखाना त्यानेच विकत घेतला. घरोघरच्या त्या लक्ष्मी-सरस्वती अशाच दगडांवरून, एका रंगाला एक दगड या हिशोबाने छापल्यात. पुण्यात चित्रशाळा त्याच्याही आधी, १८७८ पासून. फरक एवढाच की आपल्याकडे दगडावरचं चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने उतरवायचे आणि झ्युरिकला उजेड-सावलीचं काम सूर्याकडून करून घेत. ज्यांच्या घरी रविवर्म्याची जुनी तसबीर आहे त्यांनी त्यावरही लूप धरून बघावी, तिथे कारागिराने एकेक टाकलेले ठिपके दिसतात, हातानेच टाकलेले म्हणून लगेच ओळखू येतात.

आता जपणूक, आणि इथे जरा कडक बोलतो. लॅमिनेट अजिबात करायचं नाही. गरम प्लास्टिक वॉर्निशमध्ये बसतं, परत निघत नाही, निघालं तर चित्राचा वरचा थर घेऊनच निघतं. लॅमिनेट करून आणलेली चित्रं माझ्याकडे येतात आणि मला हात जोडावे लागतात. सेलोटेप नको, फेविकॉल नको, चिकट पानांचे प्लास्टिकवाले अल्बम तर मुळीच नकोत. पाण्याचा ओला बोळा फिरवू नका, खोडरबर वॉर्निशवर घासू नका. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने, मधून कडेकडे, बस.

चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवलेली असतील आणि पुठ्ठा तपकिरी, ठिसूळ झाला असेल तर तो आम्लाचा परिणाम आहे, हळूहळू तो चित्राच्या कागदातही उतरतो. पण घरी सोडवायला जाऊ नका, फोटोक्रोमचा कागद पातळ असतो, उचकटताना आडवी चीर जाते आणि वॉर्निशला तडे पडतात. ते काम जाणकाराकडून करून घ्या किंवा नुसतं तसंच राहू द्या, तसंच राहिलेलं पुष्कळदा बरं.

ठेवायला आम्लरहित कागदाच्या पाकिटात एकेक वेगळं, आडवं, सपाट पेटीत. बाहेरच्या पुस्तकांत पॉलिएस्टरचे पारदर्शक कव्हर सुचवतात, कोरड्या देशात ठीक आहे, आपल्या पावसाळ्यात आत ओल अडकली की चकचकीत पृष्ठभाग प्लास्टिकला चिकटतो, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर कागदच बरा. माळा नको, तिथे उन्हाळ्यात तापतं. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट नको, ओल तिथूनच येते. पेटी पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून बघायची, कसर आणि बुरशी या दोन गोष्टींसाठी. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका, त्याचा वास आणि वाफ कागदाला काही भलं करत नाही. पांढरट बुरशी दिसली तर पुसू नका, आधी ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्या हवेशीर खोलीत सावलीत ठेवा.

फ्रेम करायची हौस असेल तर एक-दोनच करा. रंग शाईचे असल्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या आपल्या लग्नाच्या लालसर पडलेल्या फोटोंपेक्षा बरेच टिकतात, पण गुलाबी आणि लालसर छटा उजेडाने उडतात आणि मग आकाश भलतंच निळं राहतं. काच आणि चित्र यांच्यात मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवती कापून बसवलेल्या पुठ्ठ्याची, जाडी हवी, चित्र काचेला टेकता कामा नये. खिडकीसमोरची भिंत नको. त्यापेक्षा फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून, टिफ फाइल ठेवून, भिंतीवर प्रत लावा, कॉपीराइटचीही काही अडचण नाही, मूळ पेटीत राहू द्या.

स्कॅन करताना पाठीमागची बाजूही करा. दुकानाचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेली तारीख, हॉटेलचं नाव, असलं काही असतं. त्या पिढीतले लोक सर्रास मोडीत लिहायचे, तेव्हा मागे न कळणारी रेघोटी दिसली तर ती रेघोटी म्हणून सोडून देऊ नका, मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीत तर वाचून देणारं कुणीतरी भेटेल.

किंमत. खरं सांगायचं तर फार आशा ठेवू नका. ही हजारोंनी छापलेली वस्तू आहे, आणि ल्युसर्न, शियों, व्हेनिस ही सगळ्यात जास्त विकलेली दृश्यं. युरोपात अशी सुटी चित्रं जुन्या बाजारात काही दहा-वीस-पन्नास युरोंना मिळतात, स्थिती वाईट असेल तर त्याहून कमी. मोठ्या आकाराची, आशिया-मध्यपूर्वेची, किंवा कमी छापलेल्या गावांची जास्त जातात. कुणी इथे एकेका चित्राला लाखाची गोष्ट करायला लागलं तर नमस्कार करून उठा, आणि कुणी सगळ्या गठ्ठ्याचे दोन हजार देतो म्हणाला तरी उठा. तुमच्या गठ्ठ्याची जी काय वेगळी किंमत आहे ती एका माणसाने एका प्रवासात गोळा केलेला संच म्हणून आहे, सोबत पत्रं किंवा बोटीचं तिकीट असेल तर आणखी, म्हणून वाटण्या करताना चार भावंडांत तीन-तीन चित्रं असं फोडू नका. स्कॅन सगळ्यांना द्या, मूळ संच एकीकडे.

आणि परदेशात विकायला पाठवायचा विचार असेल तर त्याआधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. मूळ परदेशात छापलेल्या कागदाला ते कसं लागू होईल हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ऑफिसातून लेखी विचारून घ्या, लागू नसेल तर तसा दाखला ते देतात. तो हातात आल्याशिवाय कुरिअरवाल्याकडे जाऊ नका.